दाराखालची फट

५ नोव्हेंबर

ताईस नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, काही वाईट घडलेलं नाही. उलट मला काम लागलंय, आणि ते आधी तुला कळवावं असं वाटलं. फोन करता आला असता, पण फोनवर माझं तोंडच उघडत नाही. तुरुंगात फोन म्हणजे पाठीमागे रांग आणि कानाशी पहारेकरी, त्यामुळे मनातलं मनातच राहायचं आणि तोंडातून निघायचं फक्त "बरंय, ठेवतो". शिवाय तुझ्याकडे फोन भावोजी उचलतात. पत्र असलं की तू आईला वाचून तरी दाखवशील.

काम लाँड्रीत आहे. हॉस्पिटलांच्या आणि लॉजच्या चादरी येतात, ढिगांनी. धुवायच्या, वाळवायच्या, इस्त्रीच्या रोलरमधून काढायच्या आणि घड्या घालून परत पाठवायच्या. आत होतो तेव्हाही चादरीच धुतल्या. माझ्या नशिबात दुसरं कापड लिहिलेलंच नाही बहुतेक. इथला प्रत्येक जण एक तर तुरुंगातून आलाय नाहीतर फुटपाथवरून. मी दोन्हीकडून आलोय, म्हणून माझा मान थोडा जास्त, असं आमचा इस्त्रीवाला म्हणतो. आमच्यावर एक मुकादमबाई आहे, तीही शिक्षा भोगून आलेली. कशाची, ते कुणी विचारत नाही. तोंडाची फटकळ आहे, पण कुणाला उपाशी कामाला लावत नाही.

राहायला वरच्या मजल्यावर खोली दिलीय. गादी आहे, पण गादीवर पडलो की बुडाल्यासारखं होतं, म्हणून मी खालीच झोपतो, बूट उशाखाली घेऊन. इथे कुणी बूट चोरत नाही हे मला कळतं. पुलाखाली राहिलेल्या डोक्याला ते पटायला वेळ लागतो, एवढंच.

ताई, मला आईला बघायचंय. मागच्या वर्षी सुटल्यावर पिऊन आलो, दार बडवून सगळी आळी गोळा केली, आणि भावोजींनी दार उघडलं नाही, ते बरोबरच केलं. आता पीत नाही. तू म्हणशील तेव्हा येईन, म्हणशील तेवढाच वेळ बसेन.

तुझा,
बारक्या

१६ नोव्हेंबर

बारक्या,

आशीर्वाद मागाहून, आधी दोन शब्द ऐकून घे. पत्र आलं तेव्हा मी भांडी घासत होते. ओल्या हाताने फोडलं, निम्मी शाई हाताला लागली. असल्या फिकट पेनाने कोण लिहितं रे? आईला वाचून दाखवताना मला अर्धं मनचंच घालावं लागलं.

तिचं सांगते. उजवी बाजू गेलीय ती गेलीच. बोलते, पण शब्द तोंडात घोळतात, आणि कधीकधी भलतंच काहीतरी बोलते. परवा मला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. खाट पुढच्या खोलीत दारासमोर ठेवलीय, कारण आतल्या खोलीत तिचा जीव घुसमटतो. खाट बुटकी आहे. तिला ना खिडकी दिसते ना रस्ता, दिसते ती दाराखालची फट. त्यातून कोण आलं कोण गेलं ते पायांवरून ओळखते. दूधवाल्याच्या चपला, शेजारच्या काकूंची काठी. दिवसभराची तिची करमणूक तेवढीच.

तुझं पत्र ऐकल्यापासून रोज एकच, कधी येणार. मी ह्यांच्याशी बोलले. हे म्हणाले की ज्याने एका माणसाचा डोळा घालवला आणि वर आपल्या दारात तमाशा केला, त्याला मी का घरात घ्यायचं? मी म्हटलं, डोळ्याची शिक्षा त्याने भोगली, आणि तमाशाची मी भोगतेय, अजून किती? तेव्हा कुठे कबूल झाले. अट एकच. महिनाभर काम टिकव आणि शुद्धीत ये. पुन्हा काही झालं तर हा विषय ह्या घरात निघायचा नाही, आई असो नसो. ते बोलले की करतात, हे तुला सांगायला नको.

तर रविवारी, ८ डिसेंबरला, दुपारी ये. बेल बिघडलीय, दार वाजव. आईला त्या दिवशी केस विंचरून बसवून ठेवीन. माझी मान खाली घालायला लावू नकोस, बारक्या. निदान ह्या वेळी नको.

तुझी,
ताई

२४ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र इस्त्रीवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, बहीण वकील व्हायला हवी होती.

येतो. रविवारची सुट्टी मुकादमबाईने लगेच दिली, वर शर्टाला स्वतः इस्त्री मारून देईन म्हणाली. पायांत घालायला कामावरचेच बूट आहेत, तेवढं चालवून घे.

आईला हसवायला एक गंमत सांगतो. इथे नव्या माणसाला सकाळी लाँड्री उघडायची किल्ली देतात. तो उघडेपर्यंत कुणी आत जायचं नाही, मुकादमबाईनेसुद्धा नाही, आणि कुणी त्याला आठवणही करायची नाही. ही इथली पद्धत. परवा किल्ली माझ्याकडे आली. सकाळी सगळ्यांबरोबर खाली आलो आणि दारासमोर उभा राहिलो. थंडी मरणाची. सगळे उभे, मीही उभा. बऱ्याच वेळाने मुकादमबाई म्हणाली, "कशाची वाट बघतोयस रे?" मी म्हटलं, "दार उघडायची." किल्ली माझ्याच खिशात! इस्त्रीवाला हसून हसून खाली बसला.

आता सांगतो का ते. तुरुंगात दाराला कुणी हात लावत नाही. दारापाशी जायचं, थांबायचं, ज्याचं काम आहे तो उघडतो. नंतर रात्रनिवाऱ्यातही तेच. कुणी दार वाजवलं की त्याला रांगेच्या शेवटी धाडायचे, म्हणून सगळे गुमान उभे. अंगवळणी पडलंय. अजूनही वाळवणीच्या खोलीच्या दाराशी चादरींची ढकलगाडी घेऊन उभा राहतो आणि मागून शिव्या खातो.

आईला सांग, फटीतून माझे पाय बघ म्हणावं.

तुझा,
बारक्या

९ डिसेंबर

बारक्या,

शाबास. चांगले पांग फेडलेस.

काल सकाळपासून आईची वेणी घालून, धुतलेलं पातळ नेसवून, पाठीला उशा लावून तिला बसवली होती. डावा हात सारखा केसांवरून फिरवत होती, विस्कटले तर नाहीत ना म्हणून. मी स्वयंपाक करून ओटा पुसून बसले. हे वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते आणि एक पान उलटत नव्हते. दुपार गेली. चार वाजले, पाच वाजले. दाराशी जाऊन बघावं असं दहादा मनात आलं, पण ह्यांच्यासमोर कशी उठू? येणारा येईल आणि वाजवील, मी म्हटलं, मी काय दारात उभी राहून शेजाऱ्यांना दाखवत बसू, भाऊ आला नाही म्हणून?

आईचं तर डोकंच फिरल्यासारखं झालं. पिवळे पाय आलेत, पिवळे पाय आलेत, असं म्हणत होती. मी म्हटलं अगं, ऊन आहे ते. तरी बोट दाराखालच्या फटीकडेच. शेवटी मी रागावले तिच्यावर. अंधार पडल्यावर तिला आडवी करायला गेले तर अंग ताठ करून बसली, आडवी होईना. पातळ बदलू देईना. तशीच झोपली.

हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

कुठे होतास? खरं सांग. पिऊन पडला होतास का?

ताई

१८ डिसेंबर

ताई,

येणं जमलं नाही. आदल्या दिवशी हॉस्पिटलची जादा गाडी आली, रविवारी सगळ्यांनाच थांबावं लागलं. कळवायला हवं होतं, राहून गेलं. चूक माझी आहे. प्यायलेलो नव्हतो, हवं तर मुकादमबाईला विचार.

आईला रागवू नकोस. तिला म्हणावं, मी ठीक आहे.

बारक्या

२७ डिसेंबर

बारक्या,

जादा गाडी. वा.

आईसाठी तुला एक रविवार मोकळा करता आला नाही, आणि मुकादमबाईने तर लगेच सुट्टी दिली असं तूच लिहिलं होतंस. खोटं बोलायचं तर मागची पत्रं आठवून तरी बोलावं.

ह्यांचा शब्द तुला माहीत आहे. ह्यापुढे हा विषय घरात निघणार नाही. आईने विचारणं बंद केलंय. जेवणही कमी केलंय. पुन्हा पत्र पाठवू नकोस, मला ते तिला वाचून दाखवता येणार नाही आणि लपवताही येणार नाही.

ताई

६ जानेवारी

ताईंना,

तुमची माझी ओळख नाही. तुमचा भाऊ ज्या लाँड्रीत काम करतो तिथली मी मुकादम. मला गोड लिहिता येत नाही, तेव्हा सरळ सांगते.

तुमचं शेवटचं पत्र आल्यापासून हा माणूस काम करतो पण जेवत नाही. तुमची पत्रं इस्त्रीवाल्याला वाचून दाखवायचा, हे दाखवलं नाही. काल मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, सांगतोस की किल्ली काढून घेऊ? तेव्हा बोलला. तुम्हाला कळवू नको म्हणाला. मी त्याचं ऐकणार नाही.

तो आला होता. आठ डिसेंबरला, तुम्ही सांगितलेल्या वेळेच्या आधीच. शर्ट मीच इस्त्री केला होता. प्यायलेला नव्हता. तुमच्या दारासमोर उभा राहिला आणि उभाच राहिला.

तुम्ही म्हणाल, वाजवायला काय झालं होतं? मी बाहेरची बाई असते तर मलाही हेच वाटलं असतं. मी सुटले तेव्हा माझ्या नवऱ्याने मला घरी नेलं, आणि संडासाच्या दारासमोर मी उभी राहिले, तो विचारतोय काय झालं, आणि मला सांगता येईना. ही लाजेची गोष्ट आहे, ताई. माणसाचा हातच उचलला जात नाही. इथे आम्ही किल्ली देतो ती ह्याचसाठी. आमच्याकडे हे सगळ्यांना होतं, म्हणून हसण्यावारी जातं. तुमच्या दारात हसणारं कुणी नव्हतं.

त्यात मागच्या वेळी ते दार त्याने बडवलं होतं. तोच हात पुन्हा त्याच दारावर उचलायचा त्याला धीर झाला नाही. आतून आईचा खोकला ऐकू येत होता म्हणाला. तुमचा आवाजही आला, तुम्ही आईवर रागावत होता. त्याला वाटलं, मी बाहेर आहे हे ह्यांना माहीत आहे, आणि उघडायचं नाही असं ठरलंय. अंधार पडल्यावर निघाला. मग तुमचं पत्र आलं, तेव्हा त्याला कळलं की तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. आता कोणत्या तोंडाने सांगू, म्हणून ती गाडीची थाप मारली.

आणखी एक. आमच्याकडे पाणी फार सांडतं म्हणून सगळ्यांना पिवळ्या रबराचे बूट देतो. तेच घालून आला होता.

मुकादम

१० जानेवारी

बारक्या,

मुकादमबाईंचं पत्र आज आलं. मी ते दारात उभ्यानेच वाचलं.

आईने तुला पाहिलं होतं. पिवळे पाय, पिवळे पाय. दुपारभर ती मला सांगत होती आणि मी तिला वेड्यात काढत होते. तुझ्यामाझ्यात एक लाकडी फळी होती रे. तू किल्लीची गोष्ट लिहिलीस ती मी आईला हसत हसत वाचून दाखवली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मीच आंधळी.

आईला पत्र वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होती, मला वाटलं झोपली. मग स्पष्ट म्हणाली, इतक्या दिवसांत एवढं स्पष्ट बोलली नव्हती, "अजून उभाच आहे का? आत घे की त्याला."

मी खरंच उठून दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. पण मग मला ते लावता येईना. दिवसभर सताड उघडं ठेवलंय. हे संध्याकाळी आले, उघड्या दाराकडे बघितलं, मी पत्र त्यांच्या हातात दिलं. वाचून झाल्यावर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, येऊ दे त्याला.

रविवारची वाट बघू नकोस. पत्र मिळताच नीघ. दार उघडं आहे, थांबायचं नाही, वाजवायचं नाही, सरळ आत यायचं.

तुझी,
ताई

२ फेब्रुवारी

बारक्या,

तू गेल्यापासून लिहीन म्हणते आणि कागद समोर घेऊन नुसती बसते.

माझं पत्र तुझ्या हाती पडायच्या आधीच माझा फोन गेला. लाँड्रीतला फोन इस्त्रीवाल्याने उचलला होता, आणि मी "आई" एवढंच म्हटलं तर पलीकडे त्यानेच हंबरडा फोडला, ज्याने आईला कधी बघितलंही नाही. दार उघडं ठेवलं म्हणून गारठा तिच्या छातीत गेला, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीच म्हणते. हे म्हणतात, उगाच स्वतःला खाऊ नकोस, तिची वेळ आली होती. दार लावू का म्हणून मी तिला दोनदा विचारलं होतं. मान हलवून नाही म्हणाली.

तू आलास तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. मयताच्या घराचं दार कोण लावतं? सगळ्यांसारखा तूही सरळ आत आलास. मी बघत होते, उंबऱ्यावर तुझं पाऊल थबकलंसुद्धा नाही. तेव्हा मला जे वाटलं ते कुणाला सांगता येणार नाही. ह्या दारातून माझा भाऊ आत यायला माझी आई मरावी लागली.

त्या दिवशी मुकादमबाई तुझ्याबरोबर आल्या होत्या, त्या निघाल्या तेव्हा मी त्यांना म्हटलं की आता हे दार उघडंच ठेवीन, म्हणजे तो केव्हाही येईल. त्या म्हणाल्या, असलं काही करू नका. दार लावून घ्या. उघडं ठेवाल तर जन्मभर उघडी दारंच शोधत फिरेल. मला त्यांचा रागच आला. चार दिवस दार उघडंच ठेवलं. मग मांजर आत येऊन दूध सांडून गेलं आणि हे फरशी पुसायला लागले, तेव्हा उठून लावलं.

ह्यांनी बेल दुरुस्त केलीय. मला न सांगता, स्वतः स्टुलावर चढून.

आईच्या अंगाखालची चादर तू धुवायला म्हणून घेऊन गेलास. मीच धुतली असती, पण तू ती छातीशी धरली होतीस, म्हणून मागितली नाही.

मी तुला बोलावणार नाही. बोलावून काय झालं ते बघितलं. तुझ्या मनाला येईल तेव्हा ये.

तुझी,
ताई

रविवार, १६ फेब्रुवारी, तुझ्या पायरीवरून

ताई,

तू घरी नाहीस. शेजारच्या काकू बाहेर आल्या, म्हणाल्या तुम्ही दोघं भावोजींच्या बहिणीकडे गेलात, रात्री याल. मला मुक्कामाला थांबता येत नाही, उद्या सकाळी लाँड्री मलाच उघडायचीय. म्हणून काकूंकडून कागद मागून घेतला. पेन माझंच, तेव्हा फिकट आहे ते चालवून घे.

न कळवता आलो. तुला वाटेल सहज आलो असेन. तसं नाही. गल्लीच्या तोंडावरून दोनदा परत फिरलो, तिसऱ्यांदा आलो. मग दारासमोर उभा राहिलो, किती वेळ ते सांगत नाही. मुकादमबाईचं वाक्य आठवत होतो, ती म्हणते वाजवल्यावर दार उघडेलच असं काही नसतं, त्यालाच सुटून बाहेर असणं म्हणतात. आज तिचं म्हणणं अगदी तंतोतंत पटलं.

चादर काकूंकडे दिलीय. वेगळी धुतली, हॉस्पिटलच्या ढिगात टाकली नाही. डाग सगळा गेला नाही. गेला असता, पण मी फार घासलं नाही.

मघाशी पायरीवर पालथा पडून फटीतून आत बघितलं. काकूंना वाटलं, प्यायलाय. खाट हलवलीस वाटतं, फरशी मोकळी दिसते. आईला ह्यातून काय दिसत असेल ते बघायचं होतं. फार काही दिसत नाही गं. बूट तेवढे दिसतात.

कागद फटीतूनच आत सारतोय. भावोजींना सांग, बेल छान बसवलीय, पण मी ती दाबली नाही. हातानेच वाजवलं, आणि वर नाही, खाली वाकून वाजवलं. आईची उशी होती तिथे ऐकू जाईल, एवढ्या जोरात.

बारक्या